गाठ नसलेला बटवा

रमजान हा उपवासाचा महिना आहे, तसाच तो हिशेबाचाही आहे. वर्षभर मागे पडलेली वही या महिन्यात बाहेर निघते. घरात सोने किती, बँकेत शिल्लक किती, दुकानात माल किती, कुणाकडून येणे आहे आणि कुणाचे देणे आहे, हे सारे मांडले जाते. निसाब म्हणजे शरीअतने ठरवून दिलेली किमान मर्यादा. तिच्या वर असलेल्या आणि वर्षभर टिकलेल्या संपत्तीतून अडीच टक्के जकात काढली जाते. चाळीस रुपयांत एक रुपया. अलीकडे हा हिशेब बहुतेक घरांत मोबाइलवरच होतो, कारण पैसाही मोबाइलवरच असतो. पण त्याच मोबाइलवरून असाही पैसा जातो, ज्याची नोंद या वहीत कुठेच सापडत नाही.

तो जातो ऑनलाइन कॅसिनो आणि सट्ट्याच्या अ‍ॅपवर. तरावीहनंतर रात्री बाजार जागा असतो, चहाच्या टपरीवर मुले बसलेली असतात, आणि सहरीपर्यंतचा वेळ घालवायला हातात फोन असतो. हे चित्र फक्त मुस्लिम मोहल्ल्यातले नाही. गणपतीच्या दिवसांत मंडपाच्या मागे, लग्नसराईत जानवसघरात, क्रिकेटच्या मोसमात कुठल्याही कट्ट्यावर हेच दिसते. खेळणाऱ्याला जात-धर्म विचारला जात नाही. विचारला जातो फक्त मोबाइल नंबर.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यावर संमती झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. अशा खेळासाठी पैशांची ने-आण करून देणाऱ्यालाही खेळ चालवणाऱ्याइतकीच शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवलेली नाही, कारण कायदा त्याच्याकडे गुन्हेगार म्हणून न बघता बळी म्हणून बघतो. या खेळांत देशातल्या सुमारे ४५ कोटी लोकांनी वर्षाला वीस हजार कोटी रुपयांच्या आसपास रक्कम गमावल्याचा सरकारी अंदाज त्या वेळी पुढे आला होता.

कायद्यानंतर देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. परदेशात बसून चालवली जाणारी संकेतस्थळे मात्र नाव बदलून, पत्ता बदलून येतच राहतात. त्यांच्यापर्यंत पैसा पोहोचतो कसा, हा यातला खरा प्रश्न. उत्तर एका शब्दात द्यायचे तर वॉलेट. मराठीत त्याला ई-बटवा म्हणतात. आजीच्या बटव्याला एक नाडी असायची आणि नाडीला गाठ. पैसे काढायचे तर गाठ सोडावी लागे, नाणी मोजावी लागत, आणि तेवढ्या वेळात खर्च करायचा की नाही याचा विचार होऊन जाई. या नव्या बटव्याला गाठ नाही.

गाठ नसण्याची किंमत किती, यावर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांकडून बोली मागवली. काहींना सांगितले की रोख द्यावे लागतील, काहींना सांगितले की कार्डाने द्यायचे आहेत. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. तिकीट तेच, माणसेही त्याच वर्गातली, फक्त पैसा हातातून जाताना दिसत नव्हता. कॅसिनोवाल्यांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. पणजीला मांडवीतल्या बोटीवर गेलेला माणूस टेबलावर नोटा टाकत नाही. आधी नोटा देऊन प्लास्टिकच्या चिप्स घेतो आणि मग चिप्स टाकतो. नोट टाकताना हात अडखळतो, चिप टाकताना अडखळत नाही. ई-वॉलेटमधला आकडा ही मोबाइलवरची चिपच आहे. मांडवीवर जायला निदान गाडीभाडे लागते, घरी काहीतरी सांगून निघावे लागते. इथे पांघरूण डोक्यावर घेतले की झाले.

आता पैशांचा सरळ हिशेब मांडून पाहावा. भारतात यूपीआयने पैसे देताना ग्राहकाकडून काही कापले जात नाही. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडूनही शुल्क घेतले जात नाही. त्यामुळे मोबाइलवरून पैसे पाठवणे म्हणजे फुकट, अशी एक सवय लोकांच्या मनात बसली आहे. परदेशी वॉलेटचे तसे नाही. तिथे प्रत्येक उंबरठ्यावर कुणीतरी कापायला बसलेला असतो.

उदाहरणादाखल दहा हजार रुपये घेऊ. दर कंपनीनुसार बदलतात, पण साधारण धाटणी अशीच असते. कार्डाने परदेशी वॉलेटमध्ये पैसे भरले की बँक चलनबदलाचे साडेतीन टक्के लावते, म्हणजे ३५० रुपये. त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, ६३ रुपये. वॉलेटमध्ये पैसे भरण्याचे अडीच टक्के धरले तर आणखी २४०. वॉलेट डॉलरमध्ये आणि कॅसिनो युरोमध्ये असेल तर पुन्हा चलनबदल, त्याचे चार टक्के म्हणजे ३७४. टेबलापर्यंत पोहोचले ८,९७३ रुपये. समजा, त्या माणसाला इथेच उपरती झाली आणि एकही डाव न खेळता त्याने पैसे परत मागितले. परतीच्या वाटेवर चार टक्क्यांनी ३५९ गेले आणि वॉलेटमधून बँकेत पैसे काढण्याचे ठोक शुल्क पाचशेच्या आसपास धरले, तर हातात येतात ८,११४. फासा टाकलाच नाही, तरी १,८८६ रुपये गेले. यात वॉलेट काही महिने न वापरल्याबद्दल दरमहा कापले जाणारे शुल्क धरलेलेच नाही. ते अनेक वॉलेटच्या अटींत बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

खेळायला सुरुवात झाली की दुसरा हिशेब सुरू होतो. युरोपियन रूलेच्या चाकावर ३७ घरे असतात. एका आकड्यावर लावलेला रुपया जिंकला तर पस्तीस रुपये नफा आणि मूळचा एक, असे छत्तीस मिळतात. प्रत्येक घरावर एक रुपया लावला तर ३७ रुपये जातील आणि ३६ परत येतील. सदतिसातला एक रुपया मालकाचा, म्हणजे २.७ टक्के. हा आकडा जकातीच्या अडीच टक्क्यांच्या इतका जवळ आहे की दोन्ही शेजारी ठेवून बघण्याचा मोह होतो. जकात वर्षातून एकदा निघते. तीही गरज भागून उरलेल्या संपत्तीतून, आणि जाते गरजवंताकडे. रूलेचा सदतिसावा हिस्सा प्रत्येक फेरीला कापला जातो. तो उरलेल्या पैशातून जातो की पोराच्या फीमधून, हे चाकाला कळत नाही. शंभर रुपये लावत तासाला साठ फेऱ्या झाल्या, तर सहा हजारांची उलाढाल होते आणि सरासरीने १६२ रुपये मालकाकडे जातात. अधूनमधून कुणी जिंकतो हे खरे, पण खेळ जितका लांबतो तितका तो या सरासरीकडे सरकतो. इतर अनेक खेळांत मालकाचा हिस्सा याहून मोठा असतो.

बोनसचा गळही इथेच टाकलेला असतो. ‘हजार रुपये बोनस’ असे मोठ्या अक्षरांत दिसते. खाली अट असते, की बोनसच्या पस्तीसपट रकमेचे डाव खेळल्याशिवाय तो काढता येणार नाही. हजाराच्या पस्तीसपट म्हणजे पस्तीस हजार. त्यावर २.७ टक्क्यांनी सरासरी तोटा ९४५ रुपये. म्हणजे बोनस हातात येईपर्यंत तो मालकाच्या खिशात परत गेलेला असतो. त्यातही काही विशिष्ट वॉलेटमधून पैसे भरणाऱ्याला बोनस लागूच नाही, असे कलम कित्येक ठिकाणी असते. ते वाचायचे कुणी?

पैसे भरायला काही सेकंद लागतात आणि काढायला काही दिवस. या दिवसांत ‘पैसे काढणे रद्द करा’ असे बटण समोर चमकत राहते. जिंकलेला माणूस दोन रात्री थांबतो आणि तिसऱ्या रात्री ते बटण दाबून तेच पैसे पुन्हा लावतो. ब्रिटनमध्ये ऑनलाइन जुगार परवान्याने चालतो, तरी तिथल्या नियामक आयोगाने २०२१ मध्ये ही सोय बंद करायला लावली. त्याआधी १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळण्यावर बंदी घातली, आणि कार्डातला पैसा वॉलेटमार्गे आत येऊ नये अशी अटही घातली. जुगाराला मान्यता देणाऱ्या देशालाही वॉलेट ही पळवाट आहे हे ओळखावे लागले. भारतातून अशा संकेतस्थळांवर खेळणाऱ्याला ते संरक्षणही नाही.

तक्रार करायची तर कुणाकडे? रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तिच्या देखरेखीखालच्या बँका आणि वॉलेट यांच्याविरुद्धची तक्रार ऐकतो. परदेशी वॉलेट त्याच्या कक्षेत येत नाही. परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांत लॉटरीची तिकिटे, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक्स यांसाठी देशाबाहेर पैसे पाठवायला आधीच मनाई आहे, त्यामुळे तक्रारदारच अडचणीत येतो. कोर्टात जावे, तर १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० म्हणते की पैजेचा करार मुळात निरर्थक. जिंकलेले पैसे वसूल करायला दावा लावता येत नाही. कर मात्र सुटत नाही. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आहे, आणि तिथे झालेला तोटा पगारातून किंवा धंद्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

आतापर्यंतचा हिशेब खेळणाऱ्याच्या खिशाचा झाला. याहून मोठी किंमत त्याच्या बँक खात्याला मोजावी लागते, आणि शहरातल्या कॉलेजांनी व पालकांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावे अशी जागा हीच आहे. परदेशी वॉलेटची भानगड सगळ्यांना जमत नाही. म्हणून बरीच अ‍ॅप सरळ यूपीआयचा पत्ता देतात. आज एक पत्ता, उद्या दुसरा. पैसे जातात कुठल्याशा किराणा दुकानाच्या, मोबाइल दुरुस्तीच्या किंवा एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या नावाने. ही भाड्याची खाती असतात. ती कुणाची? कमिशनसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या मुलांची, मजुरांची, बेरोजगारांची. ‘फक्त खातं दे, तुला काही करायचं नाही,’ एवढेच त्यांना सांगितलेले असते.

त्याच खात्यांतून ऑनलाइन फसवणुकीचा पैसाही फिरतो. एखाद्या दूरच्या राज्यातल्या निवृत्त माणसाला कुणी फसवले आणि त्याने १९३० या क्रमांकावर तक्रार केली, की पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला ती खाती माग काढत गोठवली जातात. अ‍ॅपवर तीन हजार जिंकलेल्या तरुणाला ते तीन हजार अशाच खात्यातून आलेले असतात. मग त्याचे स्वतःचे खाते बंद पडते, ज्यात पगार येतो, शिष्यवृत्ती येते, आईच्या औषधाचे पैसे असतात. ते सोडवायला हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागतो. आणि ज्याने खाते भाड्याने दिले, त्याच्यावर तर थेट गुन्हा दाखल होऊ शकतो. पुढे नोकरीसाठी, पासपोर्टसाठी पोलीस पडताळणी होते तेव्हा हा गुन्हा समोर येतो. मिळालेल्या कमिशनची ही खरी किंमत आहे, आणि ती सांगणारे कुणी त्या मुलाला आधी भेटलेले नसते.

महाराष्ट्राला सट्टा नवा नाही. मुंबईच्या मटक्याने गिरणगावापासून तालुक्याच्या गावापर्यंत कित्येक संसार खाल्ले. त्याचे कौतुक करण्यासारखे काहीच नाही. पण मटका लावणारा चिठ्ठी घ्यायला कोपऱ्यावर जायचा, तिथे त्याला शेजारी बघायचा, मामा बघायचा आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट घरी पोहोचायची. आजचा व्यवहार घरापर्यंत पोहोचत नाही. बँकेच्या उताऱ्यावर फक्त ‘वॉलेट’ किंवा कुठल्याशा दुकानाचे नाव दिसते. बायकोला वाटते रिचार्ज केला असेल, बापाला वाटते पुस्तके घेतली असतील. घरी कळते तेव्हा कर्जाच्या अ‍ॅपवाल्यांचे फोन नातेवाइकांना यायला लागलेले असतात. हा लपून राहणारा काळ हीच वॉलेटची सर्वांत महाग बाजू आहे, कारण लवकर कळले असते तर बहुतेक घरांत कुणीतरी हात धरला असता.

जुगाराविषयी धर्मग्रंथांनी जे सांगितले आहे त्यात हिशेबाची भाषा आढळते. कुरआनच्या सूरह बकरामध्ये दारू आणि जुगाराविषयी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना, लोकांना त्यात काही फायदे आहेत हे मान्य केले आहे, पण त्यांचे पाप फायद्यापेक्षा मोठे असल्याचे बजावले आहे. पुढे सूरह माइदामध्ये स्पष्ट मनाई आली आणि जुगारामुळे आपसांत वैर पेरले जाते, हे कारणही दिले गेले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचे एक पूर्ण सूक्त आहे. त्यात बायको दुरावलेली आहे, सासू तिरस्कार करते आहे, कर्ज वाढलेले आहे. महाभारतातल्या द्यूतसभेत धर्मराज आधी संपत्ती लावतो, मग राज्य, मग भाऊ, मग स्वतःला आणि शेवटी द्रौपदीला. हरलेले भरून काढण्यासाठी अजून एक डाव, ही त्या सभेतली ओढ आणि आज रात्री दोन वाजता मोबाइलवर होणारी ओढ एकच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणात तिला विकार म्हणून नोंदवले आहे. ज्याला विकार म्हणतात त्यावर उपचार असतात. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते.

मग या महिन्यात काय करता येईल? पहिली गोष्ट मशिदींच्या आणि जकात समित्यांच्या हातातली आहे. कुरआनने जकातीचे जे आठ हकदार सांगितले, त्यांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. जुगारात कर्ज केलेल्याला त्यात धरायचे का, यावर समित्यांमध्ये नेहमी कुरकुर होते. ‘हरामात उडवले, आता आम्ही का भरायचे?’ हा सवाल रास्त आहे. पण अनेक फकीहांनी त्याचे उत्तर दिलेले आहे. माणसाने खरी तौबा केली असेल, तर त्याला कर्जातून सोडवायला हरकत नाही. व्यवहारात त्याची पद्धतही सोपी आहे. पैसे त्याच्या हातात न देता थेट सावकाराला किंवा बँकेला द्यावेत, फोनमधली अ‍ॅप घरच्यांसमोर काढून टाकावीत आणि काही महिने पगार आईच्या किंवा बायकोच्या खात्यात जावा. त्याच्या बायकापोरांनी तर कोणताच गुन्हा केलेला नसतो. त्यांचे रेशन आणि फी अडवून कुणाची सुधारणा होत नाही.

दुसरी गोष्ट जुम्याच्या खुत्ब्याची. जुगार हराम आहे हे प्रत्येकाला ठाऊक आहे. पण ‘मी तर टीम लावतो, डोकं चालवतो, तो जुगार कुठे?’ किंवा ‘मी फक्त खातं वापरायला दिलं,’ असे म्हणणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेत उत्तर मिळत नाही. खाते भाड्याने देणे हे चोराच्या मालाला घरात जागा देणे आहे, एवढे एक वाक्य मिंबरवरून आणि तेच कीर्तनातून, चर्चमधून, गणेश मंडळाच्या फलकावरून गेले, तर कितीतरी खाती वाचतील.

तिसरी गोष्ट कॉलेजांची. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांची बँक खाती उघडली जातात, शिष्यवृत्तीसाठी ती आधारला जोडली जातात. त्याच दिवशी दहा मिनिटे काढून, खाते दुसऱ्याला वापरायला दिले तर काय होते हे सांगणे कठीण नाही. पोलिसांच्या सायबर शाखेचा एखादा अधिकारी वर्षातून दोनदा बोलावता येतो.

चौथी गोष्ट घरातली, आणि ती या हिशेबाच्या महिन्यातच करण्यासारखी आहे. जकातीचा हिशेब मांडताना बँकेचा बारा महिन्यांचा उतारा काढलाच जातो. त्यात वॉलेट आणि अनोळखी नावांच्या रकमा वेगळ्या लिहून त्यांची बेरीज करावी आणि ती घरातल्या सर्वांसमोर ठेवावी. ज्यांच्या घरी जकात नसते, त्यांच्याकडे मार्चअखेरचा हिशेब असतोच. बेरीज शून्य आली तर आनंद आहे. आली नाही, तर आवाज न चढवता विचारावे, हरलेले ऐकून घ्यावे आणि फसवणूक झाली असेल तर उशीर न करता १९३० ला फोन लावावा. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतो, आणि त्यासाठी पहिले काही तासच महत्त्वाचे असतात.